वाचलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना

पुस्तक वाचून झालं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात, शेजारी, वाचनालयाच्या काउंटरपाशी, कुणी ऐकणारं भेटलं की मी सुरू होते. या सांगण्यातून जे हाती लागलं ते असं.

१. ‘फार सुंदर आहे, नक्की वाच’ एवढ्यावर कुणी पुस्तक उघडत नाही.

ऐकणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. पुस्तकातलं नेमकं काहीतरी त्याच्यापुढे ठेवावं लागतं. देविदास सौदागर यांची ‘उसवण’ संपवली त्याच आठवड्यात गल्लीतल्या टेलरमामांकडे पँटची उंची कमी करून घ्यायला गेले होते. पूर्वी लग्नसराईत त्यांच्या दुकानात कापडाचे गठ्ठे लागायचे. आता खुंटीवर लोंबतात त्या रेडिमेड पँटी, उंची कमी करायला नाहीतर चेन बदलायला आलेल्या. मी म्हटलं, “मामा, रेडिमेडमुळे धंदा बसलेल्या शिंप्यावर कादंबरी आलीय.” त्यांनी पायडल काही थांबवलं नाही. “लिहिणाऱ्याला काय ठाऊक त्यातलं?” मी सांगितलं, लेखक तुळजापूरचे आहेत, स्वतः शिवणकाम केलेले, आणि याच कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय. पुरस्काराचं त्यांना विशेष वाटलं नाही. शिवणकामाचं ऐकल्यावर मात्र मशीन थांबली.

पुस्तक बरेच दिवस त्यांच्या कटिंगच्या टेबलावर, खडू आणि टेपच्या शेजारी होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचत होते. परत देताना म्हणाले, “यानं मशीन मारलीय, हे खोटं नाही.” या कादंबरीवर मी जेवढं वाचलं, त्यात एवढं वजनदार मत मला दुसरं दिसलं नाही.

२. आधी विचारावं, मग सुचवावं.

‘आवडता लेखक कोण?’ या प्रश्नाला लोक शाळेतलं ठरलेलं उत्तर देतात. त्यापेक्षा ‘मन लावून वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?’ असं विचारावं. खूप वर्षांत काही वाचलं नाही असं कळलं, तर त्या माणसाच्या हाती रंगनाथ पठारे यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ठेवू नये. ते मोठं काम आहे याबद्दल शंका नाही, पण त्या जाडीकडे बघूनच तो दबतो. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. १९५५ सालची, बारीकशी, लहान लहान वाक्यांची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर, हळूहळू त्याला आपलं म्हणणारी माणसं, आणि मग पडलेला दुष्काळ. दोन-तीन बैठकांत पुस्तक संपतं. अख्खं पुस्तक वाचून झाल्याचा आनंद माणसाला बऱ्याच वर्षांनी मिळतो आणि पुढचं तो आपणहून मागतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

३. पुस्तकातली अवघड जागा आधीच सांगावी.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर अनेकांनी ती विकत घेतली. त्यातल्या काहींनी थोड्याच पानांत खाली ठेवली. पन्हाळ्याकडच्या बोलीचं वळण कानाला बसायला वेळ लागतो, एवढीच अडचण. मी आता ती सुचवताना सांगते, सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचा, घाई करू नका. धरणामुळे उठवलेलं गाव, मागे सुटून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला निघालेला पोरगा, हे एकदा पकडलं की पुस्तक सुटत नाही. शिवाय धरणग्रस्तांवरचीच विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ज्यांनी वाचलीय, त्यांना तर ती द्यावीच. तिथे पुनर्वसनाचं सगळं राजकारण, माणसांची प्रचंड गर्दी. इथे एक माणूस आणि एक जनावर. एकाच दुःखावर दोन लेखक किती वेगळ्या वाटेने जातात ते दिसतं.

४. पुस्तक औषध म्हणून देऊ नये.

भाच्याची दहावी बिघडली तेव्हा घरातला प्रत्येक जण त्याला काही ना काही ऐकवत होता. शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’ हे आत्मकथन मी नुकतंच वाचलं होतं. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, दहावीला इंग्रजीत नापास, आणि आज जेएनयूत फ्रेंच तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक. ‘बघ, हासुद्धा नापास झाला होता’ असं म्हणून दिलं असतं तर पोरानं हात लावला नसता. मी त्याच्याशी लेखकाने केलेल्या अंगमेहनतीच्या कामांबद्दल बोलले, कारण मला स्वतःला तोच भाग भिडला होता. निकालाचा विषयही काढला नाही. पुस्तक त्याने मागून घेतलं. पुढे एकदा जेवताना विचारलं, “मावशी, फ्रेंच शिकायला किती वर्षं लागतात गं?”

५. ‘हे तर सगळ्यांनी वाचलंय’ असं समजू नये.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आली. तरी सोवळ्यापायी घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायला लावणारे त्यांचे वडील आजही कुणाला तरी पहिल्यांदाच भेटत असतात. असं पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाचा हेवा वाटतो.

६. मिळेल कुठे तेही सांगावं.

प्रकाशकाचं नाव, जवळच्या वाचनालयात प्रत आहे का, अक्षर बारीक आहे का. वयस्कर माणसांसाठी शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

७. मत जुळलं नाही तर बोलणं तिथे संपवू नये.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मी आत्याला वाचायला दिली. १९३९ सालची, युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटीवर घडणारी. बोटीवरच्या ज्यू हार्टाच्या प्रेमात पडलेला तिचा नायक चक्रधर मला परिस्थितीपुढे हतबल झालेला वाटतो. आत्याला तो मुळीच पटला नाही. “हार्टासाठी त्याला आणखी हातपाय हलवता आले असते,” असं तिचं म्हणणं. मी महायुद्धाच्या तोंडावरचे दिवस, नाझींच्या तडाख्यातून निसटलेले ज्यू, पासपोर्टाची कडक बंधनं असं सगळं पुढे केलं. ती म्हणाली, “ते पुस्तकात आहेच. मी त्याच्या स्वभावाबद्दल बोलतेय.” त्यावर मी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि पूर्वीच्या प्रेमात उमाने फसवल्यानंतर तो बायकांबद्दल कसा बोलतो तिथे या वेळी जास्त थांबले. आत्याचं म्हणणं निम्मं तरी खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी रविवारी तिच्याकडे जाणार आहे. तिने पुढच्या गप्पांसाठी सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ बाजूला काढून ठेवलंय, तूही ते परत एकदा वाचून ये म्हणालीय.