रन-इन म्हणजे रांगत चालवणं नव्हे

नवी गाडी दारात आली की पेढ्यांबरोबर सल्लेही येतात. त्यांतला रन-इनचा, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचा, ठरलेला सल्ला म्हणजे, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." तिकडे गाडी विकणारा तरुण सांगतो, "आता रन-इन वगैरे काही नसतं, सगळं कंपनीतच होऊन येतं." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. अर्धवट सल्ल्यानं इंजिनाचं काय होतं, हे आमच्या घरानं दोन गाड्यांवर पाहिलं आहे.

एका दसऱ्याला आम्ही साताऱ्यात आणि थोरल्या बहिणीच्या घरी सांगलीत एकाच मॉडेलची गाडी घेतली. बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. एकीचा नंबर एमएच ११, दुसरीचा एमएच १०, एवढाच काय तो फरक. दाजींचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आणि घर विश्रामबागला, म्हणजे रोजची ये-जा दोन-तीन किलोमीटरची, सपाट रस्त्यानं. दाजी वस्तू जपून वापरणारे. चाळीसचा सल्ला त्यांनी मनापासून पाळला. तिसरा, चौथा गिअर लवकर टाकायचा, एक्सलरेटरला जेमतेम पाय लावायचा आणि दुकानापुढं गाडी बंद करायची. इंजिन पुरतं गरम व्हायच्या आतच प्रवास संपलेला असायचा. माझं काम मेढ्याला, म्हणून माझा रस्ता चढ-उताराचा. शिवाय आमच्या पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला गाडी घेतानाच बजावलं होतं, "इंजिन गरम झाल्याशिवाय जोर मागायचा नाही, पण गरम झाल्यावर जोर मागायला लाजायचं नाही."

पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच वाटत होत्या. फरक पुढं जाणवू लागला. साडेतीन-चार हजार किलोमीटरनंतर माझी गाडी खुलली. यवतेश्वरच्या घाटात जिथं आधी दुसरा गिअर लागायचा तिथं ती तिसऱ्यावर ओढू लागली. सिग्नलला उभी असताना होणारी बारीक थरथर कमी झाली, अॅव्हरेजही थोडं वाढलं. दाजींची गाडी मात्र होती तशीच मंद राहिली. त्यांना वाटलं, मॉडेलच तसलं असेल.

मग दाजी गाडी घेऊन पुण्याला जाऊन आले. परतल्यावर सवयीनं डिपस्टिक काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेला टेकलेलं. महिन्याभरापूर्वी तेच तेल वरच्या खुणेजवळ होतं. या आकाराच्या इंजिनात दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर तेल. कुठं गळती नाही, खाली डाग नाही, निळा धूरही डोळ्यांना दिसत नव्हता. एका प्रवासात लिटरभर तेल गेलं कुठं?

मिस्त्रींनी गाडी बघितली आणि जे समजावलं ते प्रत्येक नव्या गाडीवाल्यानं समजून घेण्यासारखं आहे. इंजिन गार असताना त्यात पेट्रोल जास्त सोडावं लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि तेलात मिसळतं. गाडी लांब पळाली की तेल तापतं आणि ते पेट्रोल वाफ होऊन निघून जातं. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल तेवढं तापतच नाही. म्हणजे दाजींची गाडी तेल आधीपासून थोडं-थोडं खात होती, पण वरून पेट्रोल मिसळत असल्यानं पातळी भरलेली दिसायची. पुण्याच्या प्रवासात पेट्रोल उडालं आणि खरी पातळी उघडी पडली. डिपस्टिकवरचं तेल वर चढताना दिसलं तर आनंद मानू नका, हे मी तेव्हा शिकलो. वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर तेल पातळ झालेलं आहे आणि ते बदलायला हवं.

आता मूळ दुखण्याकडे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या रेघांत तेल धरून राहतं आणि त्यांच्या उंच कडांवर पिस्टनच्या रिंगा घासून बसतात. टाकी लावलेलं जातं पहिल्या दळणात जसं खडे झाडतं आणि मग नीट दळू लागतं, तसंच हे काम आहे. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या काही त्यांच्या स्वतःच्या ताणानं फार नव्हे. पेट्रोल जळताना तयार होणारा दाब रिंगेच्या मागं शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार असेल तर दाब जास्त. एक्सलरेटर जेमतेम दाबलेला असेल तर दाब कमी, आणि रिंग तेलाच्या थरावरून नुसती सरकत राहते. उंच कडा झिजत नाहीत. भिंतीवर राहिलेलं तेल हळूहळू भाजून तिथं गुळगुळीत चकाकी धरते. ती एकदा धरली की रिंगांची आणि भिंतीची घट्ट गाठ पडत नाही. खालचं तेल वर जाऊन जळतं, वरचा जळका वायू खाली तेलात उतरतो, आणि पिकअप मार खातो.

म्हणून फार जपणंही इंजिनाला मानवत नाही. याचा अर्थ पहिल्याच दिवशी एक्सलरेटर तळाला न्यावा असा नव्हे. नव्या भागांत घर्षण जास्त असतं, त्यामुळे उष्णताही जास्त. भिंतीवरचं तेल तुटलं तर पिस्टन आणि सिलिंडर दोघांनाही ओरखडे पडतात, आणि तो घाव कायमचा. आजकालच्या इंजिनांत रेघांच्या कडा कारखान्यातच बऱ्याच सपाट केलेल्या असतात, म्हणून हे काम पूर्वीपेक्षा लवकर उरकतं. गाडी विकणाऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. उरकतं, पण थोडं तुमच्या हातून व्हायचं शिल्लक असतं.

आपल्या भागाला हे नवं नाही. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा आहे, साताऱ्याच्या कूपर कारखान्यात तर सिलिंडरचे लायनरच तयार होतात. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या पिढीला ठाऊक होतं की नवं इंजिन नुसतं रिकामं फिरवत ठेवायचं नसतं. ते गरम करून हळूहळू पंपाचा भार द्यायचा. ती समज मोटारगाडीपर्यंत येताना हरवली आणि तिच्या जागी नुसता चाळीसचा आकडा उरला.

तर करायचं काय? गाडी सुरू केल्यावर उभ्या-उभ्या गरम करत बसू नका. अर्ध्या मिनिटानं निघा आणि पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायानं चालवा. इंजिन गरम झालं की वेग बदलता ठेवा. चाळीसवरून सत्तरपर्यंत मोकळ्या रस्त्यावर निश्चयानं न्या, मग एक्सलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी मंदावू द्या. पाय सोडल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, थोडं तेल वर येतं आणि रिंगा गार होतात. हे आलटून-पालटून होणं महत्त्वाचं. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये इंजिन मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांच्या पलीकडं सहसा नेऊ नका, एक्सलरेटर तळाला नको, आणि महामार्गावर तासभर एकाच वेगानं तर मुळीच नको. सातारा ते कराड साठवर काटा रोवून गेलेली गाडी रन-इन होत नसते. वरच्या गिअरमध्ये गचके देत ओढणं याहून वाईट. गळिताच्या हंगामात आष्ट्याच्या, इस्लामपूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीमागं रांगावं लागतं, तेव्हा चौथ्यावर गुदमरवू नका, दुसरा टाका.

रोजची फेरी दाजींसारखी छोटीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी बाहेर काढा. सांगलीकरांना नरसोबाची वाडी जवळ आहे, सातारकरांना कास. डिझेल घेणाऱ्यांनी तर हे आधीच पक्कं करावं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला गाडी सलग काही वेळ वेगात पळावी लागते. रोज दोन किलोमीटर जाणाऱ्यानं डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक काळजी घाटाची. नवी गाडी घेऊन थेट जोतिबाला किंवा महाबळेश्वरला जाण्याची आपली रीत आहे. श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही. पण नवे ब्रेक पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण पकडत नाहीत, आणि पसरणीचा घाट उतरताना पाच माणसं आणि सामान असेल तर हे जिवावर बेतू शकतं. देवाला जरूर जा, पण सपाटीवर ब्रेक थोडे बसू द्या, आणि उतरताना खालचा गिअर धरा.

गाडी खुलली की नाही, हे ठरवतानाही फसगत होते. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद हवेच्या दाटपणावर असते. उंची हजार मीटरनं वाढली की सुमारे दहावा हिस्सा ताकद जाते. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या पुढं, सांगली साडेपाचशेच्या आसपास. सांगलीची गाडी वर गेल्यावर मंद वाटली तर तो दोष इंजिनाचा नाही. अॅव्हरेजचंही तसंच. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. टाकी एकाच पंपावर दोनदा पूर्ण भरून, मधले किलोमीटर आणि दुसऱ्यांदा बसलेले लिटर यांचा भागाकार करा. पाच हजारांच्या आत काढलेल्या आकड्यावरून गाडीला नावं ठेवू नका. खुलल्यावर होणारा फायदाही बेताचाच असतो. इंजिन दुप्पट जोमानं पळेल अशी आशा कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

दाजींच्या गाडीचं तेल बदललं. पुढं दोन-तीन महिने दर रविवारी ती गरम करून, माणसं बसवून चढावर नेली. तेल खाणं बरंच कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. इंजिन न उघडता आतल्या भिंतीबद्दल खात्रीनं बोलता येत नाही, आणि दोन गाड्यांवरून सगळ्या गाड्यांचा निकालही लावता येत नाही. तरी वॉरंटीच्या मुदतीत तेल घटत असेल तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. किती किलोमीटरला किती तेल घातलं याची तारखेसह नोंद ठेवा, सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावर ती लिहून घ्या आणि प्रत जपा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पहिल्या हजार किलोमीटरविषयी वेगळं पान असतं. गाडी ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशी ते पान मागून घ्या, घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्या, आणि शेजाऱ्याच्या, माझ्याही, सल्ल्याआधी त्याला मान द्या.