पेटीतली खेळणी

बाळा, परवा तुझ्या फडताळात छोट्या मोटारी पाहिल्या. एकही खोक्यातून बाहेर काढलेली नाही. म्हणून हाक मारली. हा नाद मला पंधरा-सोळा वर्षं होता. त्यात जे हाती लागलं ते तुला देऊन ठेवतो.

माझं वेड आषाढातलं. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून आपल्या पिंपळीवरून काटेवाडीकडे जाते, तेव्हा रस्त्याकडेला खेळण्यांची पालं पडायची. तिथली पत्र्याची फटफटी बोट मला हवी होती, मिळाली नाही. पुढे हातात पैसा आल्यावर बुधवार-रविवार पुण्याचा जुना बाजार धुंडाळायला लागलो. एक दिवस बोट सापडली. तिथंच थांबायला हवं होतं. तेव्हा तू कशासाठी निघालास ते वहीत लिहून ठेव आणि ते मिळालं की वर्षभर काही घेऊ नकोस. वर्षानं पुन्हा तितकंच हवंसं वाटलं, तर घे.

उसाचं बिल जमा झालं की त्या आठवड्यात बाजाराकडं फिरकायचं नाही. एका साली बिलातले पैसे मी आजीला न सांगता सावंतवाडीच्या लाकडी फळांच्या टोपलीत घातले आणि पुढच्या महिन्यात खत उधारीनं आणलं. तिला ते खताच्या दुकानात कळलं. घरी येऊन ती काही बोलली नाही. ते अजून सलतं मला. ज्याची किंमत घरात सांगताना जीभ अडखळेल, ते घेऊ नये.

वर ती फळं जुनी नव्हतीच. जुनी म्हणून विकली होती. सावंतवाडीच्याच चितारआळीतली नवी फळं नवीच म्हणून घेतली असती, तर त्यांच्या सुबकपणाचं मला कौतुकच वाटलं असतं. जुनं ओळखायचं तर आधी वास घे, ताजा रंग लपत नाही. मग झीज बघ. पोराचा हात जिथं धरतो, तिथं रंग आधी जातो. सगळीकडं सारखा खरवडलेला असेल, तर तो कुणीतरी मुद्दाम खरवडलेला. पत्र्याच्या खेळण्याचे दुमडलेले कान चकचकीत दिसले, तर ते उघडून पुन्हा जोडलंय असं समज.

सेल काढूनच खेळणं ठेवायचं. ते पाझरले की आतली पट्टी खाऊन टाकतात. पत्रा प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नकोस, ओल आत कोंडते. प्लास्टिकच्या खेळण्यांत डांबरगोळ्या नकोत. पोळ्याची मातीची बैलजोडी धुवायची नाही, कोरड्या ब्रशानं झटकायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यात ठेवायची. आणि जुना रंग लहानग्यांच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, त्यात शिसं असू शकतं. खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली ती २०२१ च्या १ जानेवारीपासून.

पुण्यात केळकर संग्रहालय बघून ये. दिनकर केळकर चष्म्यांच्या धंद्यातला माणूस. लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत त्यांनी संग्रह उभा केला आणि १९७५ साली सरकारच्या हवाली केला. तिथं रोजच्या वापरातले दिवे, अडकित्ते, बाहुल्या बघताना मला माझी कुलूपबंद पेटी आठवली. तुझी आत्या सहा वर्षांची असताना तिनं बोट मागितली होती. ‘मोडशील’ म्हणून मी दिली नाही. तिनं पुन्हा कधी मागितली नाही.

पुढं मी पेटीतलं बरंचसं वाटून टाकलं. बोट ठेवली आहे. ही घे. आत्याची धाकटी आलीय ना? परातीत पाणी भर. आधी एका नळीतून पाणी घाल, दुसरीतून बाहेर येईपर्यंत. कोरडी पेटवलीस तर डाख वितळेल. मग नळ्यांची तोंडं पाण्याखाली ठेवून वात सरकव. पाण्याची वाफ होते, ती पाणी मागं ढकलते, थंड झाली की पुन्हा आत ओढते, त्याचाच तो फटफट आवाज. वात तू लाव. बोट तिला सोडू दे.