निंदेचा हिशेब

मनुष्याने एखादे कार्य हाती घेतले की लोक त्याच्याविषयी बोलू लागतात, हा जगाचा रिवाजच आहे. जो काहीच करीत नाही, त्याच्याविषयी कोण कशाला बोलेल? म्हणून लोकांचे बोलणे टाळावे कसे, हा विचार व्यर्थ होय. कानी आलेल्या बोलण्याचे करावे काय, हा खरा प्रश्न आहे. कित्येक जण एका शब्दाने खचतात आणि हातचे काम टाकून देतात. कित्येक जण कानच झाकून घेतात, आणि सुधारण्याची संधीही त्याबरोबर घालवितात. या दोहोंमधील वाट कोणती, याचा विचार आज आपण पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांच्या चरित्राच्या आधारे करू.

पैठण आपणां हैदराबादकरांस परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, आणि येथील कितीतरी मराठी घराण्यांची मुळे आजही गोदाकाठी आहेत. नाथ सोळाव्या शतकात होऊन गेले. पुढे महिपतीबोवांनी १७७४ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तलीलामृत’ ग्रंथात त्यांचे चरित्र विस्ताराने गायिले. संतचरित्रांच्या परंपरेने सांगितलेले काही प्रसंगच आपण येथे पाहणार आहोत.

पहिला प्रसंग नाथांच्या शिष्यदशेतला. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेब लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि उजाडण्याच्या सुमारास ती पै सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैसाठी इतकी एकाग्रता, तर ती भगवंताकडे लाविली असता काय होईल, असे गुरूंनी त्यांस म्हटले. ही गोष्ट आपण एकाग्रतेसाठी सांगतो. परंतु तिच्यात आजच्या विषयाचेही मर्म आहे. हिशेब जुळेना म्हणून नाथांनी वही फाडून टाकिली नाही, आणि एका पैने काय बिघडते असेही म्हटले नाही. चूक जेवढी होती तेवढीच त्यांनी शोधिली आणि तेवढीच दुरुस्त केली. टीकेचाही असाच हिशेब मांडावयाचा असतो.

दुसरा प्रसंग ग्रंथरचनेचा. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहावयास घेतली. पहिले पाच अध्याय पैठणास झाले. त्यांतील काही भागाची प्रत काशीस पोहोचली, तेव्हा भागवतासारखा ग्रंथ प्राकृत भाषेत आणणे तेथील विद्वानांस रुचले नाही, आणि जाब देण्यासाठी नाथांस बोलावणे आले. काम अर्धेही झाले नव्हते, आणि आक्षेप घेणारे सामान्य लोक नव्हते. अशा वेळी पैठणास बसून रुसणे सोपे होते; लेखणी खाली ठेवणे त्याहूनही सोपे होते. नाथ काशीस गेले, आक्षेप घेणाऱ्यांपुढे बसले, आपली ओवी त्यांस समजावून सांगितली, आणि उरलेले सव्वीस अध्याय तेथेच लिहिले. शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेस तो एकतीस अध्यायांचा आणि सुमारे १८,८०० ओव्यांचा ग्रंथ पूर्ण झाला. ज्या नगरीत त्याची निंदा झाली, तेथेच पुढे त्याची मिरवणूक निघाली, असे परंपरा सांगते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. काशीच्या पंडितांचे म्हणणे नाथांनी आदराने ऐकिले. परंतु मराठी सोडली नाही. अर्थ शास्त्रास धरून आहे की नाही, हे तपासण्याचा पंडितांचा अधिकार त्यांनी मानला. आपल्या लोकांच्या भाषेत लिहावे की नाही, हा मात्र त्यांच्या ध्येयाचा प्रश्न होता, आणि ध्येय कोणाच्या नापसंतीने बदलत नसते.

तिसरा प्रसंग घरचा आहे, आणि आम्हांस तो सर्वांत कठीण वाटतो. नाथांचे पुत्र हरिपंडित हे संस्कृताचे मोठे विद्वान. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे आणि परान्न घ्यावे, हे त्यांस पसंत नव्हते. ते घर सोडून काशीस गेले. नाथ स्वतः त्यांस आणावयास गेले, तेव्हा या दोन्ही गोष्टी सोडण्याची अट पुत्राने घातली. नाथांनी ती मानली. पुढे पैठणास हरिपंडित पुराण सांगू लागले, तेव्हा श्रोते मात्र हळूहळू कमी झाले. कालांतराने पुत्राचे मन पालटले आणि नाथांची मराठी वाणी पुन्हा सुरू झाली. परक्या पंडितांसमोर नाथांनी आपली बाजू मांडली. पुत्रासमोर वाद न घालता काळ जाऊ दिला. घरच्या टीकेत बहुधा माया असते, आणि तिला वादात जिंकून घरातील कोणाचेच भले होत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. परीक्षेचा निकाल लागला की हळदीकुंकवास आलेल्या बायकांपासून देवळाच्या पायरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वजण मुलांचे गुण विचारितात. मुलीने शिक्षणासाठी परगावी जावयाचे म्हटले तर बोलतात. मुलाने घरचा धंदा पुढे चालवावयाचे म्हटले तरीही बोलतात. पौरोहित्याच्या घरात वाढलेल्या आम्हांस हे चांगलेच ठाऊक आहे. याज्ञिकी शिकू लागलेल्या मुलास “भिक्षुकीत काय मिळणार?” असे विचारितात, आणि नोकरीस लागलेल्यास “वाडवडिलांची विद्या बुडविली” असे म्हणतात. दोन्ही वाटांवर बोल आहेतच. मग बोलाच्या भीतीने वाट ठरविण्यात अर्थ काय?

तथापि टीका हाच ज्या विद्येचा प्राण आहे, तीही आम्ही घरात पाहिली आहे. वेदाची संथा चालते तेव्हा गुरू चरण म्हणतात आणि शिष्य तो पुन्हा म्हणतो. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला किंवा स्वर चुकला की गुरू तेथेच थांबवितात. हा अपमान झाला, असे कोणाही शिष्यास वाटत नाही. कारण सुधारला जातो तो उच्चार, हिणविला जात नाही तो शिष्य. छापखाना नव्हता त्या काळापासून मंत्र शुद्ध राहिले ते या टोकण्यामुळेच. म्हणून कोणी काही बोलले तर प्रथम पाहावे, हा आपल्या कामाविषयी बोलतो आहे की आपल्याविषयी? कामाविषयी असेल तर त्यात एखादी पै खरी निघते काय, हे शांतपणे शोधावे आणि निघाली तर घ्यावी. केवळ आपल्याविषयी असेल तर ती रक्कम आपल्या वहीत चढवू नये.

ही झाली ऐकणाऱ्याची बाजू. परंतु आपण सर्वजण बोलणारेही आहोत. त्यासही नाथांचाच आदर्श आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात अपपाठ शिरले. नाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. ते स्वतः मोठे कवी असूनही आपली ओवी तिच्यात घालण्याचा मोह त्यांस झाला नाही. चुकीचे तेवढे काढावे, दुसऱ्याचे काम त्याचेच राहू द्यावे, हीच खरी टीका. शेजारच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वी आपल्या बोलण्याने त्याच्या अभ्यासास काय मदत होणार आहे, एवढे जरी आपण मनाशी विचारिले, तरी देवळाच्या पायरीवरील पुष्कळसे बोलणे आपोआप थांबेल.

चिंतनासाठी तीन प्रश्न देतो. मंडळींनी रात्री जेवणानंतर मुलांसह त्यांवर बोलावे. गेल्या महिन्यात कानी आलेल्या कोणत्या बोलण्यात खरी पै होती? कोणत्या बोलण्यासाठी आपण हातचे काम थांबविले, आणि ते थांबविणे योग्य होते काय? आणि आपल्या बोलण्याने या दिवसांत कोणाचे काम सुधारले, कोणाचे अडले? उत्तरे एकमेकांस सांगण्याची सक्ती नाही. परंतु ज्याचे काम आपल्यामुळे अडले असेल, त्याच्या घरी उद्या सकाळी जाऊन चार बऱ्या शब्दांनी ते पुन्हा सुरू करून द्यावे.