मुक्त अध्ययनसाहित्याची रचना : साहित्याध्यापनाच्या संदर्भात

विद्यापीठीय अध्ययनसाहित्य महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून देणे आणि ते एकट्याने अभ्यासता येईल असे रचणे, ही दोन भिन्न कार्ये आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये ‘ओपनकोर्सवेअर’ची घोषणा केली, तेव्हा व्याख्यानांची टिपणे, स्वाध्याय आणि प्रश्नपत्रिका सर्वांसाठी खुल्या करण्याचा तो उपक्रम होता. त्याचे मोल मोठेच. परंतु ती सामग्री मुळात वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यासाठी सिद्ध झाली होती. वर्गात अध्यापक जे तोंडी सांगतो, ते टिपणात उतरलेले नसते.

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाची वाट वेगळी होती. १९७१ पासून दूरस्थ विद्यार्थ्यांना शिकवताना तेथे विषयतज्ज्ञ, संपादक आणि शिक्षणतंत्रज्ञ यांचा गट एकत्रितपणे अभ्यासक्रम लिहीत असे. मजकुराच्या ओघातच प्रश्न येतो, विद्यार्थी थांबतो, स्वतः लिहितो, आणि मगच चर्चेकडे वळतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनलर्न’ला हा वारसा आयताच लाभला.

भारतात २०१७ मध्ये आरंभलेल्या ‘स्वयम्’ने दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसामग्री, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन अशी चतुर्विध रचना स्वीकारली. ही चौकट सदोष नाही. मात्र साहित्याच्या बाबतीत स्वयंमूल्यमापन पुष्कळदा बहुपर्यायी प्रश्नांपुरते उरण्याचा धोका संभवतो. ग्रंथकर्त्याचे नाव वा रचनाकाळ ओळखता आला म्हणजे ग्रंथ वाचला, असे कोणता अध्यापक म्हणेल?

‘लीळाचरित्रा’चे उदाहरण घ्यावे. या ग्रंथाची मूळ प्रत उपलब्ध नाही. नंतरच्या प्रतींत पाठभेद विपुल आहेत. परंतु अध्ययनघटकाचा प्रारंभ बहुधा म्हाइंभटाच्या चरित्राने व महानुभाव संप्रदायाच्या माहितीने होतो. त्याऐवजी एकाच लीळेचे दोन पाठ शेजारीशेजारी ठेवावेत. भाष्य लगेच देऊ नये. कोणता शब्द बदलला, त्याने चक्रधरांच्या बोलण्याचा सूर बदलतो काय, हे विद्यार्थ्याने प्रथम नोंदवावे; त्यानंतर संपादकाचा निर्णय आणि त्यामागील कारणे त्याच्यापुढे यावीत. छापील पुस्तकात उत्तर झाकून ठेवता येत नाही, डोळा खाली घसरतोच. पडद्यावर ते शक्य आहे, आणि या माध्यमाचा खरा लाभ येथे आहे. मुद्रित पुस्तकाची छायाप्रत चढवून तो मिळत नाही. तीत शब्दशोधही धड होत नाही.

अशा प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. म्हणून ‘आदर्श उत्तर’ देण्याऐवजी दोन भिन्न, पण सप्रमाण उत्तरे द्यावीत, आणि त्यांपैकी एकातील दुबळा दुवा विद्यार्थ्याला शोधावयास लावावा. यात अध्यापकाचे श्रम वाढतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका घटकासाठी विषयज्ञाबरोबर संपादक आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांकडून घेतलेली पूर्वचाचणी लागते. उपरोक्त दोन्ही परदेशी प्रकल्पांच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यानुसार श्रेय देऊन, अव्यापारी हेतूने आणि त्याच अटींवर रूपांतर करण्यास सामान्यतः मुभा आहे. तेथून घ्यावयाची ती प्रश्नांची मांडणी. लीळेवरचा प्रश्न मात्र मराठीच्या अध्यापकालाच लिहावा लागेल.