आधी हवा बघ, मग गॅस

अगं पोरी, एसीवर बर्फ धरला की पहिलं काम म्हणजे कूलिंग बंद करायचं. एसी बंद नाही, कूलिंग बंद. रिमोटवर मोड बदलून नुसता फॅन लाव, स्पीड हाय ठेव आणि दोन-तीन तास तसाच चालू दे. खोलीतली कोमट हवा कॉइलवरून फिरत राहिली की बर्फ आपोआप सुटतो. खाली पलंग असेल तर तो बाजूला सरकव आणि जुनं बेडशीट अंथर, कारण एवढं पाणी एकदम सुटलं की ते ट्रेमध्ये मावत नाही, भिंतीवरून ओघळतं. चाकू किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन बर्फ खरवडायला मात्र जाऊ नकोस. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोटानंही वाकतात आणि त्यांच्यामधून गॅसची नळी गेलेली असते. एक टोचा लागला की फुकटात सुटणारं काम हजारोंच्या घरात जातं. गरम पाणीही ओतायचं नाही, शेजारीच पीसीबी, म्हणजे विजेच्या सर्किटची पट्टी असते.

"अजून थोडं थंड होतंय ना, राहू दे चालू," असं जावईबापू म्हणतील. ऐकू नकोस. बर्फानं झाकलेल्या कॉइलमध्ये गॅसची पूर्ण वाफ होत नाही, द्रव तसाच कॉम्प्रेसरकडे परत जातो. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव दाबण्यासाठी नाही. तो बसला की अख्ख्या एसीतला सगळ्यात महागडा भाग बसला.

आता बर्फ का धरतो ते समजून घे, म्हणजे तुला कुणी गंडवणार नाही. इनडोअरमधली कॉइल चांगली थंड असते, पण शून्याच्या वर. हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन ड्रेनच्या पाइपातून बाहेर जाते, आणि ते एसीचं कामच आहे. विलिस कॅरिअरनं 1902 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती हवेतला दमटपणा आवरण्यासाठीच, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जुळायचे नाहीत. तुमच्या ठाण्याच्या हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. पण कॉइलवर पुरेशी हवा आली नाही किंवा आत गॅस कमी झाला, की कॉइल शून्याखाली जाते आणि तेच पाणी तिथल्या तिथे गोठतं. थर बसला की हवा आणखी अडते, हवा अडली की थर आणखी वाढतो. म्हणून सुरुवातीला पांढरी भुकटी दिसते आणि सकाळी उठून बघावं तर लादीच.

म्हणजे कारणं मुख्यतः दोन, हवा आणि गॅस. मेकॅनिक मात्र दारातूनच सांगतो, "गॅस संपलाय." पोरी, एसीतला गॅस संपत नाही. सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत असतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळालाय. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरून घेणारी घरं मी खूप पाहिली. ती दरवर्षी त्याच गळतीचे पैसे भरत असतात. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांची शिस्त होती की गॅसचं प्रेशर मोजायचं गेज बाहेर काढण्याआधी जाळी बाहेर काढायची. मी जन्मभर तीच पाळली आणि तुलाही तीच सांगतोय.

तर आधी हवा. पुढचं झाकण उचलून दोन्ही जाळ्या काढ आणि उजेडासमोर धर. पलीकडचं दिसत नसेल तर धुवायला हव्यात. नळाच्या साध्या पाण्याखाली, आतल्या बाजूनं धार सोडून धुवायच्या, म्हणजे धूळ आणखी रुतत नाही. सावलीत वाळवायच्या, उन्हात चौकट वाकते आणि मग खाचेत नीट बसत नाही. मोसमात दर पंधरा दिवसांनी हे व्हायला हवं. तुमच्या समोर टॉवरचं काम चालू आहे, त्यामुळे आठवड्यानं बघ. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असेल तर फोडणीचा तेलकट धूर जाळीवर चिकट थर धरतो. तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब लागतात.

जाळी स्वच्छ असूनही वारा मंद वाटतोय? मग ब्लोअर बघ. एसी मेन स्विचवरून बंद कर, खालच्या पट्ट्या हातानं वळव आणि टॉर्च मारून आत डोकाव. तिथे एक लांबट दंडगोल पंखा दिसेल. त्याच्या बारीक पात्यांच्या खोबणीत काळी, ओलसर घाण गच्च बसलेली असते. तीत केस असतात, गोधडीचा कापूस असतो, उदबत्तीची काजळी असते. पाती भरली की पंखा फिरतो जोरात, पण हवा ढकलत नाही. लोक इथेच फसतात, कारण आवाज नेहमीचाच येतो. हे घरी करायचं काम नाही. मेकॅनिकला खाली पिशवी बांधून पंपाच्या पाण्यानं ब्लोअर आणि कॉइल दोन्ही धुवायला सांग. नुसती जाळी झटकून ‘सर्व्हिसिंग झाली’ म्हणणाऱ्याला परत बोलावू नकोस. आणि इनडोअरच्या वर जागा मोकळी आहे ना, तेही बघ. हवा वरूनच आत ओढली जाते. फॉल्स सीलिंग करणाऱ्यांनी वर दोन बोटं जागा ठेवली असेल, तर बिचारा एसी श्वास कुठून घेणार?

आता पाइपांची खूण सांगतो. आउटडोअरच्या बाजूला दोन पितळी व्हॉल्व्ह असतात, एकाला पातळ पाइप, दुसऱ्याला जाड. तुम्ही सातव्या मजल्यावर आहात, म्हणून खिडकीतून वाकून बघायचं नाही. ग्रिलच्या आतूनच मोबाइलवर फोटो काढ. पाइपांना घाम आलेला असेल तर काळजी नाही. पातळ पाइपावर पांढरा बर्फ आणि जाड पाइप कोरडा, तर बहुतेक वेळा गॅस कमी आहे. जाड पाइपावर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढलाय, तर बहुतेक वेळा हवा अडली आहे. आतही फरक दिसतो. गॅस कमी असला की कॉइलच्या एकाच भागात बर्फ असतो आणि बाकीची कोरडी असते. हवा अडली की सगळी कॉइल पांढरी. गळती वाढत गेली की एक दिवस बर्फ धरायचा थांबतो, पण खोलीही थंड होत नाही. तेव्हा एसी बरा झाला असं समजू नकोस.

गेजबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. जाळी किंवा ब्लोअर तुंबलेला असला तरी गेजवर प्रेशर कमीच दिसतं. ते बघून कुणी गॅस भरला, तर कॉइल साफ झाल्यावर तोच गॅस जास्त होतो. म्हणून धुणं आधी, गेज नंतर.

पावसाळी रात्री 16 वर आणि फॅन लो ठेवून झोपलं तर निरोगी एसीवरही बर्फ धरू शकतो. बाहेर गारवा, आत मंद हवा आणि कॉम्प्रेसरला उसंत नाही. 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडचे स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू होताना 24 वर येतात, ते उगाच नाही. तिथेच ठेव आणि वरचा पंखा हळू लाव. तसंच, कॉइलला एक छोटा सेन्सर टेकवलेला असतो. कॉइल फार गार झाली की तो कॉम्प्रेसर थांबवतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच बर्फ धरायला लागला, तर सेन्सर आपल्या जागी परत बसवलाय का, एवढंच आधी विचार.

खरंच गळती निघाली तर हट्ट धरायचा. साबणाचा फेस लावून बुडबुडा दाखवायला सांग. बहुधा पितळी नटपाशी असतो आणि तिथे तेलाचा डागही दिसतो. समुद्राकाठी कॉइलच खारट हवेनं सडते. गळती बंद केल्यावर नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का बघायचं, मग व्हॅक्यूम पंप लावायचा. पंपाशिवाय गॅस भरला तर आत ओल राहते, बारीक नळीत ती गोठते आणि एसी मधेच थंड करायचं सोडतो. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चालतो. आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. तोच गॅस, तेवढाच, काट्यावर मोजून. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-32 असतो आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून आत गॅस असताना नळीला ज्योत लावू द्यायची नाही आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवायच्या.

मेकॅनिकला फोन करशील तेव्हा बर्फ कोणत्या पाइपावर आहे, जाळी कधी धुतली आणि पट्टीवर कोणता गॅस लिहिलाय, हे सांग. आणि गळती कुठे सापडली व किती ग्रॅम गॅस भरला, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.