वीजमीटरच्या नोंदी आणि तिऱ्हाईत

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्यात उजेड नावाचे एक गाव आहे. हैदराबाद संस्थानच्या काळात हिसामाबाद म्हणून ओळखले जाणारे हे गाव आज महात्मा गांधींच्या नावाने भरणाऱ्या यात्रेमुळे सर्वपरिचित झाले आहे. त्या नावातील उजेड वेगळा. परंतु विजेच्या दिव्याचा उजेड आता या तालुक्यातील बहुतेक घरांत पोचला असून, त्या उजेडाचा हिशेब ठेवणारा मीटर सध्या बदलत आहे. हा बदल केवळ एका यंत्राचा नाही. घरातील विजेच्या वापराची नोंद कोणाच्या हाती राहावी, ती कोणाला पाहता यावी आणि कोणाच्या परवानगीने, असा एक नवाच प्रश्न त्यातून निर्माण झाला आहे. ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्याकडे हा प्रश्न उद्या निरनिराळ्या रूपांनी येणार असल्याने त्याचा परिचय करून देणे अगत्याचे वाटते.

पूर्वीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. महिन्यातून एकदा मीटर वाचणारा कर्मचारी दारात येई, काचेमागील आकडा टिपून घेई आणि पुढच्या घराकडे वळे. वर्षाकाठी एका घराच्या अशा बारा नोंदी होत. त्यांवरून त्या घराने उन्हाळ्यात जास्त वीज वापरली की हिवाळ्यात, एवढेच कळे. स्मार्ट मीटर ही नोंद दर पंधरा किंवा तीस मिनिटांनी करतो आणि ती बिनतारी संदेशाने दूरच्या संगणकाकडे पाठवितो. तीस मिनिटांचा हिशेब धरला तरी वर्षाच्या १७,५२० नोंदी होतात. पंधरा मिनिटांचा धरल्यास ३५,०४०. बारा नोंदींचे बिल होते. पस्तीस हजार नोंदींची दिनचर्या होते.

योजनेची पार्श्वभूमी

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ३,०३,७५८ कोटी रुपयांची सुधारित वितरण क्षेत्र योजना सुरू केली. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसविणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होय. त्यानुसार महावितरणने २०२३ मध्ये राज्यातील परिमंडळांचे गट पाडून कंत्राटे दिली; लातूर, नांदेड व छत्रपती संभाजीनगर या गटाचे काम एनसीसी या हैदराबादच्या कंपनीकडे गेले. आधी पैसे भरून मग वीज वापरण्याच्या पद्धतीस ग्राहकांकडून विरोध झाल्यानंतर, सामान्य ग्राहकांसाठी असे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत असे शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर घरगुती ग्राहकांकडे जे स्मार्ट मीटर बसविण्यात आले, त्यांचे बिल पूर्वीप्रमाणेच वापरानंतर येते.

या मीटरचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. कोणत्या रोहित्रावर किती वीज गेली आणि ग्राहकांच्या मीटरमध्ये किती उतरली, याचा मेळ घालता आल्यास गळती व चोरी कोठे आहे ते समजते. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सूट देण्यास सुरुवात झाली. वेळेची नोंद नसती तर अशी सूट देताच आली नसती. जून २०२३ मध्ये सुधारलेल्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांनुसार स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून किमान एकदा दुरून व्हावयाचे असून ही माहिती ग्राहकालाही उपलब्ध करून द्यावयाची आहे.

मीटरविषयी गावोगावी जी चर्चा चालते ती मुख्यतः मीटर जलद फिरतो काय आणि बिल वाढते काय, याविषयी. ती स्वाभाविक आहे. परंतु नोंदींचे काय होते हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच विचारला जातो.

नोंदी काय सांगतात?

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून विद्युत्शास्त्राशी त्याचा संबंध बिल भरण्यापुरताच आला आहे. तरीही या विषयातील एक गोष्ट समजण्यास शास्त्र लागत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत जॉर्ज हार्ट या संशोधकाने १९८० च्या दशकात असे दाखवून दिले की, घरात न शिरता, बाहेरून येणाऱ्या विजेच्या चढउतारावरून घरातील कोणते उपकरण केव्हा चालू झाले व केव्हा बंद झाले हे ओळखता येते. विशेष म्हणजे, आपले हे तंत्र पाळत ठेवण्यासाठीही वापरले जाऊ शकेल, असा इशारा त्यांनीच १९८९ मध्ये एका लेखातून दिला.

हार्ट यांची मोजणी फार सूक्ष्म होती. अर्ध्या तासाच्या नोंदीवरून प्रत्येक उपकरण ओळखता येईलच असे नाही. पण समजा, शिरूर अनंतपाळ तालुक्यातील एखाद्या घरात वृद्ध दांपत्य राहते; मुलगा पुण्यास नोकरीला आणि नातू शिकवणीसाठी लातूरला आहे. या घरातील पाण्याची मोटर पहाटे साडेपाचला सुरू होते, रात्री नऊनंतर दिवे मालवतात. एके दिवशी मोटर चालत नाही, सायंकाळी दिवा लागत नाही, केवळ शीतपेटीचा थोडासा वापर रात्रंदिवस एकसारखा दिसतो. घराला कुलूप आहे, हे सांगण्यास याहून अधिक पुरावा नको. हीच नोंद मुलाच्या हाती असेल तर आईवडिलांची काळजी घेण्यास उपयोगी पडेल. भलत्याच्या हाती पडली तर काय होईल, हे सांगावयास नको.

तिऱ्हाईत कोण?

ग्राहक हा पहिला पक्ष आणि वीज पुरविणारी कंपनी हा दुसरा. या दोघांखेरीज जो कोणी नोंदींपर्यंत पोचतो तो तिऱ्हाईत होय. पण सर्व तिऱ्हाईत सारखे नाहीत. मीटर बसविणारा व त्याची यंत्रणा चालविणारा कंत्राटदार वितरण कंपनीच्या वतीने काम करतो. त्याने नोंदी हाताळाव्यात त्या बिल, दुरुस्ती व देखभाल यांपुरत्याच. तपासासाठी पोलिसांना नोंद हवी असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये लेखी आदेशाचा मार्ग आहे. लाईनमनला फोन करून विचारणे हा तो मार्ग नव्हे.

खरी गुंतागुंत यापुढे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावर सौर संच बसविणारे व्यावसायिक आता लहान गावांतूनही फिरतात. संच किती किलोवॅटचा हवा हे ठरविण्यासाठी त्यांना वर्षभराचे मासिक युनिट पुरेसे असतात. अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद, आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला संकेतांक हे सर्व एकदमच मागितले गेल्यास कारण विचारावयास हवे. शिवाय सौर संचाचा इन्व्हर्टर स्वतंत्रपणे आपली माहिती उत्पादक कंपनीच्या संगणकाकडे पाठवीत असतो. त्या नोंदींवर महावितरणचे नियंत्रण नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

इतर देशांनी या बाबतीत वेगवेगळे मार्ग चोखाळले. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक तेथील वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये खाजगीपणाच्या कारणास्तव अडविले आणि पुढे ग्राहकाला नकाराचा अधिकार देऊनच ते मार्गी लागले. ब्रिटनमध्ये तिऱ्हाइताला घरगुती नोंद पाहावयाची असल्यास ग्राहकाची संमती घ्यावी लागते. अमेरिकेतील नेपरव्हिल या शहराच्या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये असे ठरविले की, नगरपालिकेने दर पंधरा मिनिटांची नोंद गोळा करणे ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच होय. मात्र वीजव्यवस्था सुधारण्याच्या हेतूने, फौजदारी तपासाचा हेतू न ठेवता केलेली अशी झडती न्यायालयाने वाजवी मानली. प्रस्तुत लेखकाला या निर्णयातील विवेक महत्त्वाचा वाटतो. नोंद तीच असली तरी हेतू बदलला की तिचा न्यायही बदलतो.

आपला कायदा आणि गावातील वस्तुस्थिती

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात याव्यात अशी रचना आहे. या अधिनियमानुसार संमती ही मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि पुरेशा माहितीनंतर दिलेली असावी लागते. ती मागणारी सूचना मराठीतून मिळण्याचा पर्याय असावा लागतो. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आपली माहिती आणखी कोणाला देण्यात आली हे विचारण्याचा हक्कही व्यक्तीला आहे. कंत्राटदाराकडून काम करून घेतले म्हणून मूळ संस्थेची जबाबदारी टळत नाही.

कायदा असा नेटका आहे. गावातील वस्तुस्थिती तशी नाही.

पहिली अडचण नावाची. कित्येक घरांची वीजजोडणी आजोबांच्या नावावर असते आणि आजोबांना जाऊन पंधरा वर्षे झालेली असतात. बिल त्यांच्याच नावाने येते आणि भरलेही जाते, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पण संमती कोणी द्यावयाची? तिघे भाऊ वेगळे राहतात, मीटर एक आहे, आणि धाकट्याने कर्जासाठी किंवा सौर संचासाठी नोंदी खुल्या केल्या, तर तिन्ही चुलींची माहिती बाहेर गेली. दुसरी अडचण भाडेकऱ्याची. तालुक्याच्या ठिकाणी बदलून आलेले शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, परिचारिका भाड्याच्या खोलीत राहतात; मीटर घरमालकाच्या नावावर असतो. कायद्याच्या दृष्टीने माहिती ज्या व्यक्तीसंबंधीची असते तिची संमती महत्त्वाची, आणि येथे ती व्यक्ती खोलीत राहणारा भाडेकरू होय. कंपनीच्या दप्तरी मात्र केवळ मालकाचे नाव असते. अशा प्रसंगी नोंदवलेल्या ग्राहकाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्याचीही परवानगी घेण्याची पद्धत वितरण व्यवस्थेने पाडावी, असे आमचे मत आहे.

तिसरी अडचण सर्वांत साधी आणि सर्वांत घातक. संमती बहुधा मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाने नोंदविली जाते. आणि जोडणीशी निगडित असलेला मोबाइल क्रमांक कधी पुण्यातील मुलाचा, कधी बिल भरून देणाऱ्या दुकानदाराचा, तर कधी बंद पडलेला असतो. ज्याच्या हाती तो दूरध्वनी, त्याच्या हाती त्या घराची संमती. थकीत बिलामुळे आज रात्री वीज तोडली जाईल, असे खोटे संदेश पाठवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार राज्यात घडलेले आहेत. घराचा नेमका वापर व बिलाची रक्कम माहीत असलेला ठक किती विश्वासार्ह वाटेल, याची कल्पना करता येते.

म्हणून कोणी नोंदी मागितल्यास ग्राहकाने विचारावयाचे प्रश्न असे: मागणारा कोण, त्याला महिन्याचा आकडा हवा की अर्ध्या तासाचा, कशासाठी, किती दिवस, आणि परवानगी रद्द करावयाची झाल्यास कोठे सांगावयाचे. यांपैकी एकाचेही उत्तर न मिळाल्यास संकेतांक सांगू नये.

पिठाच्या गिरणीचे उदाहरण

अभ्यासासाठी किंवा गावाच्या नियोजनासाठी एकत्रित आकडे मागितले जातात, तेव्हा नावे वगळली म्हणजे भागले असा समज आहे. तो पुरेसा नाही. एखाद्या वस्तीवरील रोहित्रावर बारा घरे आणि एक पिठाची गिरणी असेल, तर एकूण वापराच्या आकड्यावरून गिरणी कोणत्या दिवशी चालली हे गावातील कोणीही ओळखील. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात यासाठी एक सोपा ठोकताळा वापरात आला: गटात किमान पंधरा ग्राहक असावेत आणि कोणा एकाचा वाटा पंधरा टक्क्यांहून अधिक नसावा. आपल्या लहान वस्त्यांना हा नियम लावल्यास अनेक वस्त्यांचे आकडे स्वतंत्रपणे देता येणार नाहीत, शेजारच्या वस्त्यांत मिळवूनच द्यावे लागतील. ग्रामपंचायतीला पथदिव्यांचे किंवा सौर प्रकल्पाचे नियोजन करण्यास तेवढेही पुरते.

गरजू कोण, संपन्न कोण, हे ठरविण्यासाठी घराघराचे वीजवापर मागविण्याचा मोह पंचायतींना होईल. योजनेच्या नियमातच तशी अट असेल तर ती गोष्ट वेगळी. एरवी तो मोह आवरावा. शाळांतूनही वीजबचतीच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना घरचे बिल आणावयास सांगितले जाते. प्रकल्प उत्तम आहे, पण बिलावर नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक असतो आणि मागील महिन्यांचा वापरही असतो. वर्गात बिल फिरविण्याऐवजी विद्यार्थ्यांनी केवळ युनिटचे आकडे वहीत उतरवून आणावेत. आलेख काढण्यास तेवढे पुरेसे आहे.

ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावयाचा झाल्यास आरंभ नावांपासून करणे सोयीचे होईल. कोणकोणत्या घरांची जोडणी मृत व्यक्तीच्या नावावर आहे, याची चौकशी प्रभागवार करता येईल. नाव बदलण्याचा अर्ज महावितरणच्या कार्यालयात किंवा संकेतस्थळावरून करता येतो, आणि त्याच वेळी जोडणीचा मोबाइल क्रमांकही तपासून घ्यावा. तो ज्याच्या खिशात आहे, तो माणूस त्या घरात राहतो की नाही, एवढे पाहावे.