आपल्या घराण्याची नावे कोठे लिहिली आहेत?



आपल्या आजीच्या आईचे नाव काय होते? आज मिस्सानंतर घरी गेल्यावर हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक घरांत आजोबांपर्यंत नावे सांगता येतात, पुढे सगळे अडते. संत मत्तयचे शुभवर्तमान मात्र वंशावळीनेच सुरू होते आणि त्या यादीत तामार, राहाब, रूथ या स्त्रियांचीही नावे आहेत.

एमआयडीसीची स्थापना १९६२ साली झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. कारखान्यांमागोमाग वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकाणांहून माणसे ठाण्यात आली. अशा कुटुंबांचा जुना माग येथे सापडायचा नाही. तो गावाकडच्या चर्चच्या वहीत आहे.

वह्या कशा आल्या?

ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवणे प्रत्येक धर्मगुरूला बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॉमवेलने १५३८ सालीच बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींचा हुकूम काढला होता. तेथे १८५८ पर्यंत मृत्युपत्रे धार्मिक न्यायालयांत मंजूर होत, म्हणून इंग्रज कुटुंबे आपला वंश शोधताना चर्चची वही आणि मृत्युपत्र ही दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. ठाण्याचा किल्ला १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेला. पुढे मुंबई इलाख्यात राहिलेल्या इंग्रजांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

शोध कसा घ्यावा?

१. स्वतःपासून सुरुवात करा. ‘आपण अमुक थोर घराण्यातले’ असे धरून वरून खाली येऊ नका. एकेक पिढी मागे जा.

२. आईवडिलांच्या विवाहाची नोंद पाहा. तीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे मिळाली, तर आईचे माहेर सापडते.

३. बाप्तिस्मा कोठे झाला ते शोधा. १९०८ पासूनच्या नियमानुसार विवाह दुसऱ्या चर्चमध्ये झाला, तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवून तेथील वहीत नोंदवायची असते. म्हणून एका ओळीच्या कडेला पुढच्या आयुष्याचा पत्ता मिळू शकतो.

४. केवळ नाव जुळले म्हणून खूश होऊ नका. एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात. आईवडील, धर्ममातापिता, गाव आणि तारीख हे सारे ताडून पाहा.

५. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असू शकतात. ‘फिल्यू’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ म्हणजे मुलगी. ‘पाद्रीन्यू’ म्हणजे आपला पाद्रीन.

मृत्युपत्र काय सांगते?

चर्चची वही जन्म-मृत्यूची तारीख सांगते. मृत्युपत्र नाती सांगते: लग्न होऊन गेलेली लेक, तिचा नवरा, लहान नातू, शेताचा तुकडा. भारतीय वारसा कायद्यानुसार (१९२५) मृत्युपत्रावर सहसा दोन साक्षीदार लागतात. ते बहुधा ओळखीचे असतात, तेव्हा त्यांचीही नावे उतरवून घ्या. पण एखाद्या मुलाचे नाव मृत्युपत्रात नाही, म्हणून तो मुलगाच नव्हता असे समजू नका. त्याला वाटा आधीच दिलेला असू शकतो.

एक विनंती

चर्चच्या वहीत दत्तकविधानासारख्या नाजूक नोंदीही असतात. म्हणून वही चाळायला मागू नये. नाव, अंदाजे वर्ष आणि आईवडिलांची नावे लिहून प्रमुख धर्मगुरूंकडे दाखल्यासाठी अर्ज करावा. शोधायला वेळ लागतो, तेव्हा धीर धरावा. शोधात जुने कौटुंबिक दुःख उघड झाले, तर ते चारचौघांत बोलू नये.

हे सर्व कशासाठी? चार दिवस जगलेल्या बाळाचे नाव घरातले सगळे विसरले असतील, पण वहीत त्याचीही ओळ असते. नोव्हेंबरात आपण ‘आमचे सर्व मृत’ अशी प्रार्थना करतो. त्यांतल्या एकाला जरी नावाने हाक मारता आली, तरी शोध सार्थकी लागला.

या आठवड्यात घरी करा: घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसा. तिचे आईवडील, आजी-आजोबा, त्यांचे गाव आणि चर्च कागदावर लिहून घ्या. वही शंभर वर्षे थांबेल, आजी थांबणार नाही.